अठरा घरांचं उटणं

लालबाग
१६ जानेवारी २०२५

चि. सौ. दर्शना हिला आईचा आशीर्वाद. हवा तर घे, नको असेल तर पाकिटातच राहू दे. मी काही परत मागायला येणार नाही.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. मग मी शेजारच्या राधाबाईंच्या फोनवरून लावला, तर तोही केलास. बिचाऱ्या विचारत होत्या, "मालन, माझ्यावर कसला गो राग तिचा?" काय सांगू त्यांना? लालबागहून वडाळा बसनं अर्धा तास, आणि मी इथे पोस्टाचं पाकीट चिकटवतेय. असो. पत्रं लिहायला मला कुणी शिकवायला नको. लग्न होऊन या चाळीत आले तेव्हा मजल्यावरच्या अर्ध्या बायकांची गावची पत्रं मीच लिहायचे. त्यात काय लिहायचं आणि काय गाळायचं, हे मला तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे.

परवा नातीचं, पूर्वीचं, बोरन्हाण झालं म्हणे. राजसरावांनी फोटो स्टेटसला ठेवला होता, तो राधाबाईंच्या सुनेनं दाखवला. काळा फ्रॉक, हलव्याचा मुकुट, आणि डोक्यावर चुरमुरे पडताना तोंड कसं केलंय गधडीनं! अगदी तुझं तोंड. मागे तुझ्या सासूबाई बसल्यात, भरजरी नेसून. दुसरी आजी कुठे आहे, असं एकानंही विचारलं नसेल. ती इथे तीळ भाजत होती.

दिवाळीत असं झालं तरी काय? पोरीच्या अंगावर पुरळ उठलं. तान्ह्या पोरांच्या अंगावर काय काय उठतं आणि जातं. तू मात्र अशी बोंब मारलीस की मी जणू तिला तव्यावर ठेवलं होतं. डॉक्टरांना मी तेव्हाच सांगितलं, बेसन आणि दूध लावलं, दुसरं काही नाही. ते म्हणाले दूध मानवत नसेल. आता नाही मानवलं तर तो माझा दोष?

आणि बोलायचंच तर बारशापासून बोलू. तुझ्या सासूबाई पाळण्यात वाकून काय म्हणाल्या? "आमच्याकडे हा रंग कुणाचाच नाही हो." हसत म्हणाल्या. चौदा बायका ऐकत होत्या. तू खाली बघितलंस आणि राजसराव पेढे वाटायला निघून गेले. मी मुलीकडची, मी काय बोलणार? मी मनात म्हटलं, थांबा विहीणबाई, पहिल्या दिवाळीपर्यंत थांबा.

ते जाऊ दे. नंबर सुरू कर.

आई


लालबाग
४ मार्च २०२५

दर्शना,

आज पूर्वी एक वर्षाची झाली. मी सकाळी शिरा केला, देवापुढे ठेवला आणि राधाबाईंना वाटीभर दिला. त्यांनी विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, असाच. नातीच्या वाढदिवसाला आजीला खोटं बोलावं लागतं, अशी वेळ आणलीस.

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी सोडणार नाही, माझी मुलगी आहेस आणि हट्ट तू माझ्याकडूनच घेतला आहेस.

त्या धनत्रयोदशीच्या सकाळी तू मला बजावलं होतंस, "आई, तिला काही लावायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, नुसतं पाणी." मी ऐकलं होतं. बहिरी नाही मी. पण तुझे डॉक्टर काल आले, आणि माझं उटणं या मजल्यावर पंचवीस वर्षं जातंय. अठरा घरं. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गुलाबाच्या पाकळ्या मी गॅलरीत वाळवते, संत्र्याच्या साली वर्षभर जपते. पाकिटावर हातानं नाव घालते, लाल दोरा बांधते. बाजारचं उटणं म्हणजे रंगीत माती. घेताना एकेकीचं तोंड बघ. "मालन, तुझ्या हाताला काय वास आहे गो!" तू स्वतः वाटायला गेली होतीस त्या सकाळी, तू ऐकलं असशील.

हो, मीच पाठवलं तुला वाटायला. प्रत्येक घरात चकली खा, बाळ कसं आहे सांग, यात पाऊण तास जातो हे मला माहीत होतं. तेवढ्यात आंघोळ उरकली, यात एवढं काय? बेसन-दुधात चिमूटभर उटणं मिसळलं असेल. चिमूटभरच. पाडव्याला तू तिला सासूबाईंकडे नेणार होतीस. दोन दिवस हात फिरला असता तर त्यांना दिसलं असतं, रंग कुणाचा आहे आणि कुणाचा नाही ते.

तुला मी दर रविवारी लावायचे. दहावीपर्यंत. तू मेलीस का? थोडं झोंबतं, मग बरं वाटतं. हल्लीच्या पोरांना साबणच असले वासाचे आणि फेसाचे, त्यांच्या कातडीत दम कुठून येणार.

तिच्यासाठी फ्रॉक घेतलाय. पिवळा. पिवळा तिच्यावर उठून दिसेल की नाही याची खात्री नाही, पण घेतलाय.

आई


लालबाग
२२ मे २०२५

दर्शना,

चोर सापडला.

तुला वाटलं असेल म्हातारी थकून गप्प बसली. मी रोज विचार करत होते. पंचवीस वर्षं तेच जिन्नस, तेच माप, मग याच वर्षी असं का व्हावं? आज उत्तर मिळालं. दौलत.

आज मी वर्षाचा मसाला कुटायला गल्लीत गेले होते. मे महिन्यात तिथलं तुला माहीतच आहे. डंकांचे लोखंडी मुसळ धाडधाड चाललेले, सगळ्यांच्या नाकाला पदर, जमीन लाल, भिंती लाल. मिरची कांडणाऱ्या त्याच डंकावर दौलत माझं उटणंही कुटून देतो. मिक्सरमध्ये वास मरतो, पीठ तापतं. लालबागला राहून उटणं मिक्सरमध्ये करायचं म्हणजे समुद्राकाठी राहून डबाबंद मासे खाण्यातला प्रकार. तो आपल्या गावचा, मला मावशी म्हणतो. आणि तिथे उभी असताना माझ्या डोक्यात लख्ख पडलं. त्यानं आधीची मिरची साफ न करता माझं उटणं टाकलं असणार!

मी त्याला तिथल्या तिथे धरलं. सगळ्यांसमोर. म्हटलं, माझ्या नातीच्या अंगाची आग तुझ्यामुळे झाली, माझी मुलगी तुझ्यामुळे तुटली. त्यानं डंक बंद केला आणि काय म्हणतो, ऐक.

"मावशे, मी बोललो नव्हतो तुला? आताच मिरची काढलीय, दोन मुठी तांदूळ फिरवूया, मग तुझं टाकूया. दरवर्षी फिरवतोच ना आपण? तूच बोललीस, राहू दे रे, उशीर झालाय, अठरा घरं वाटायचीत."

मी म्हटलं, खोटं बोलतोस मेल्या. तो म्हणाला, "बरं, खोटं बोलतो. कुणाला सांगू नको म्हणजे झालं, माझा धंदा आहे." आणि पुन्हा डंक सुरू केला.

तिथे चार बायका रांगेत होत्या. त्यातली एक म्हणाली, "मिरचीवर उटणं कुटलंत? पोरांच्या अंगाला लावायचं?" मी तिला सांगितलं, तुम्ही तुमच्या धण्यांकडे बघा. तिच्या पिशवीतून धणे सांडत होते, म्हणून तेवढ्यावर निभावलं. मसाला न कुटताच मी घरी आले. अजून मिरच्या पिशवीतच आहेत.

तर असं आहे. मी तुला सगळं सांगितलं. डॉक्टरांना उटण्याचं सांगायचं राहिलं, गडबडीत राहतं माणसाचं. चिमूट नव्हती, दोन चमचे होते. पण मुळात चूक कुणाची, हे आता तुला कळलं असेल. पूर्वीला घेऊन ये.

आई


वडाळा
९ जून २०२५

आई,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तिसऱ्याच्या आधीच मला कळलं होतं.

मे महिन्यात सासूबाईंना घामोळं आलं. दिवाळीत तू त्यांच्यासाठी माझ्या पिशवीत टाकलेलं पाकीट त्यांच्याकडे तसंच होतं. त्यांनी ते फोडून मानेला लावलं. दहा मिनिटांत मान लाल, डोळ्यांतून पाणी. राजस त्यांना दुधानं पुसत होता. त्यांना शिव्या देता येत नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "दर्शना, हे त्या एवढ्याशा पोरीला लावलं होतं?" मग त्या रडल्या. बारशाला त्या जे बोलल्या त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही, पण तो माझा आणि त्यांचा प्रश्न आहे. तू तो स्वतःसाठी वापरू नकोस.

डॉक्टरांना सांगायचं "राहिलं" नव्हतं. त्यांनी तीनदा विचारलं, अंगाला नक्की काय लावलं? मी तुझ्या शेजारी उभी होते. तिन्ही वेळा तू म्हणालीस, बेसन आणि दूध. पूर्वीनं ते उटणं लागलेल्या हातांनी डोळे चोळले होते आणि तिला डोळे उघडता येत नव्हते, तरी तू तेच म्हणालीस. म्हणून त्यांनी दुधाची अॅलर्जी धरली. मी तिला पाजत होते, त्यामुळे दूध, दही, तूप, पनीर, चहा, सगळं मी सोडलं. नोव्हेंबर ते मे. नऊ किलो उतरले माझे. प्रत्येक घासाला मी लेबलं वाचत होते. तिच्या वाढदिवसाला आम्ही तिला कलिंगडाचा केक कापून दिला. तू इथून अर्ध्या तासावर बसून हे एका वाक्यात थांबवू शकत होतीस.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. दौलत नको, साबण नको, माझ्या सासूबाई नकोत.

लावण्याआधी तुला माहीत होतं का?

आणि तीच पाकिटं अठरा घरांत गेली आहेत. त्या घरांतही लहान मुलं आहेत. त्यांना तू सांगितलंस का?

याचं उत्तर द्यायचं नसेल तर पत्र लिहू नकोस. आलं तर मी न फोडता परत पाठवीन.

दर्शना


लालबाग
१४ सप्टेंबर २०२५

दर्शना,

हो.

एवढंच लिहून पाकीट चिकटवलं होतं. मग पुन्हा फोडलं, कारण नुसत्या "हो"मध्येही बरंच लपवता येतं. मला तेवढी अक्कल आहे. तीन महिने लागले मला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ मी गणपतीतही सोडला नाही. आरतीला सगळ्यांसोबत टाळ्या वाजवत होते आणि मनात तुला उत्तरं देत होते, एकाहून एक फर्मास.

ऐक आता.

तू पाकिटं घेऊन बाहेर पडलीस आणि मी वाटीत कालवलं. आधी माझ्या मनगटावर लावून बघितलं. तुझ्या वेळीही मी तसंच बघायचे. झोंबलं. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त झोंबलं. दौलत काय बोलला होता तेही त्या क्षणी आठवलं, तो खोटं बोलत नव्हता. मी हात धुतला. धुतल्यावरही मनगट लालच होतं. आणि मला वाटलं, बरं झालं, या वर्षीचं चांगलं लागू पडतंय.

मला हे असं वाटलं, दर्शना. मी चुकून लावलं नाही. मला माहीत होतं की तिला झोंबणार, आणि ते झोंबणं मला हवं होतं.

मी या घरात आले तेव्हा तुझ्या आजीनं पहिल्या रविवारी मला मोरीत बसवलं. "झोंबल्याशिवाय उजळत नाही," हे तिचं वाक्य. तेव्हा ती लिंबू आणि रेती लावायची. मी उजळले नाही. मग तू झालीस, माझ्यावर गेलीस, आणि मी तुला घासायला लागले. तूही उजळली नाहीस. एवढं होऊनही ते वाक्य खोटं असेल असं मला एकदाही वाटलं नाही. मला वाटायचं, आपलंच माप चुकतंय.

तू टॉवेलचं टोक दातांत धरायचीस. मी मजल्यावर सांगत फिरायचे, माझी पोर आंघोळीला कधी रडत नाही. अभिमानानं सांगायचे. तुझ्या मामाच्या लग्नाआधी सलग आठ दिवस लावलं आणि तुझ्या पाठीची सालं निघाली, तेव्हा लोकांना गोवर सांगितला. तुला सांगितलं, कुणी विचारलं तर गोवर म्हण. तू म्हणालीस. सात वर्षांची होतीस. डॉक्टरांपुढे मी बेसन-दूध म्हणाले ते काही नवीन नव्हतं, तो माझा जुना हातखंडा आहे.

पूर्वी मात्र ओरडली. तिला टॉवेल धरायचं अजून कुणी शिकवलं नव्हतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. कुणाला सांगितलेलं नाही. तुझे बाबा गेल्यापासून या चाळीत मला विचारतंय कोण? गुणाजींची बायको म्हणून ओळखणारी माणसंही संपली. दिवाळी आली की "मालनचं उटणं" एवढं एक नाव उरतं. मी ते जपलं. कुणाच्या अंगाला आग झाली तर ते उन्हाला, साबणाला, शुगरच्या गोळ्यांना नावं ठेवतील असं धरून चालले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण आता सांगीन. सांगितल्यावरच पुढचं पत्र लिहीन, तोपर्यंत नाही.

आई


लालबाग
१९ ऑक्टोबर २०२५

दर्शना,

सांगितलं. अठराही घरांत.

काल सकाळी निघाले. दरवर्षी याच वेळी टोपली घेऊन निघते, म्हणून मला बघितल्याबरोबर सगळ्यांनी सवयीनं हात पुढे केला. रिकामे हात बघून त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. मी दारातूनच सांगायला लागले. गेल्या वर्षीच्या उटण्यात मिरची होती, मला कळलं होतं, मी तरी वाटू दिलं, नातीच्या अंगाला लावलं, डॉक्टरांशी खोटं बोलले. पहिल्या घरी वाक्यं उलटसुलट झाली. पाचव्या घरापर्यंत पाठ झालं.

मला वाटलं होतं शिव्या बसतील. तोंडावर दार लावतील. मी त्याची तयारी करून गेले होते, खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. पण कुणी शिवी देईचना. "असू दे काकू." "होतं असं कधीकधी." एकीनं तर पाणी दिलं. सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या, आणि ते बघणं मला कळत नव्हतं.

राधाबाईंचं घर शेवटी ठेवलं होतं. शेजारीच, म्हणून सर्वांत कठीण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्टुलावर चढल्या आणि माळ्यावरून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा काढला. झाकण उघडून माझ्यापुढे ठेवला. आत माझी पाकिटं. एकावर एक रचलेली. माझं अक्षर, माझा लाल दोरा, एकही गाठ सुटलेली नाही. मी मोजली नाहीत. खालच्या पाकिटांवरची शाई उडाली होती.

"पहिल्या वर्षी लावलेलं गो," त्या म्हणाल्या. "दोन दिवस काखेत आग आग. तांदूळ फिरवलास तरी मिरची ती मिरची, राहतेच थोडी. पण तुला कसं सांगायचं? घेतलं नाही तर तू रुसणार. तू किती मायेनं करतेस. मग ठेवून द्यायचे."

मी विचारलं, बाकीच्या? त्या हसल्या. कुणी चपलांच्या कपाटात ठेवतं, वासासाठी. कुणी तुळशीला घालतं. खालच्या टोकाच्या सीतारामची बायको त्यानं पितळ घासते, म्हणे समई लखलखीत निघते. पंचवीस वर्षं, दर्शना. अठरा घरं. कुणीही ते आपल्या पोरांच्या अंगाला लावलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. माझ्या तोंडावर वास घ्यायच्या, हाताची तारीफ करायच्या आणि मी वळले की डब्यात टाकायच्या.

मला राग आला. आधी त्यांचाच आला, लपवणार नाही. घरी येऊन मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले आणि एकेकीला मनात फाडून खाल्लं. एवढी वर्षं मला वेड्यात काढलं यांनी! एकीनं जरी तोंडावर सांगितलं असतं, मालन, तुझं उटणं झोंबतं, तर. असं बराच वेळ चाललं.

मग तो "तर" माझ्याच अंगावर आला. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? म्हटलं असतं, झोंबल्याशिवाय उजळत नाही.

आणि माझं उटणं खरोखर अंगाला लावणारं घर एकच होतं. आपलं. त्या मोठ्या बायका, त्यांना मला नाही म्हणता येत नव्हतं, पण घेऊन डब्यात तरी टाकता येत होतं. तुझ्याकडे डबा नव्हता. तुला मी दोन गुडघ्यांमध्ये धरलेलं असायचं आणि मोरीचं दार माझ्या पाठीशी असायचं. साऱ्या मजल्यावर तू एकटीच होतीस जिला ते घ्यावंच लागत होतं. आणि मग एकटी पूर्वी.

मी तुझी माफी मागते. हे वाक्य मी आजवर कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही, दुसऱ्यांच्या पत्रांतही नाही. बायका सांगायच्या, "लिही, माझं चुकलं म्हणून," आणि मी गाळायचे, वाईट दिसतं म्हणून. आज लिहिलं.

या वर्षी काही वाळवलं नाही, काही कुटलं नाही. उद्या चतुर्दशी, मी साध्या पाण्यानं आंघोळ करीन.

नंबर सुरू कर, असं आता म्हणणार नाही. ते तुझं तू ठरव. पूर्वीला बघावंसं वाटतं, हे मात्र खरं आहे, रोज वाटतं. पण तुला एक सांगून ठेवते, कारण मला माझे हात माहीत आहेत. मी आज सगळं कबूल केलंय, तरी काल रात्री तिचा फोटो बघताना सर्वांत आधी तिचा रंगच बघितला. गेलेलं नाही ते माझ्यातून. जाईल की नाही, सांगता येत नाही.

म्हणून कधी तिला घेऊन आलीस, तर तिची आंघोळ घरूनच घालून आण.

आई